टिटवाळ्याचं द्राक्षासव

पुण्याच्या कॉलेजातून दर हंगामाला एक छापील फॉर्म येई. त्यात अकरा प्रश्न असत. द्राक्षं कोणत्या तारखेला तोडली, रस किती निघाला, तो कितव्या दिवशी फसफसला, फेस किती दिवस टिकला, वगैरे. १८८६ साली मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘रस फसफसला नाही.’ ८७ साली तेच लिहिलं. ८८च्या फाल्गुनात फॉर्म पुन्हा पुढ्यात आला तेव्हा वाटलं, एक लाकडी शिक्काच कोरून घ्यावा, निदान बोटं तरी दुखणार नाहीत.

मी कॉलेजच्या शेतकी वर्गातून पास झालेला. नाव हरिहर. चोविसाव्या वर्षी मला टिटवाळ्याच्या मळ्यावर देखरेखीला धाडलं तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक होती आणि डोक्यात बराच वारा होता. आता एकोणतीस उलटली होती. ट्रंक अजून होती.

मळ्याची कल्पना आमच्या प्रोफेसर साहेबांची. मुंबईत गोरे लोक जी द्राक्षाची दारू पितात ती विलायतेहून बोटीनं येते. ती जर काळू नदीच्या काठी, कल्याणच्या अलीकडे-पलीकडे तयार झाली तर पिंपं दुपारच्या आत बोरीबंदरला पोचतील, असं त्यांनी नकाशावर बोट फिरवून सिद्ध केलं होतं. नकाशावर पाऊस पडत नाही, ही एक सोय असते. नाशकाकडून आणलेले वेल आम्ही पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवले. पहिल्या आषाढात निम्मे कुजले. उरलेले जगले तो पराक्रम सर्वस्वी धाकूचा. धाकू हा मळ्याचा माळी, टिटवाळ्याचाच. त्यानं चर खणले, पावसाला आडोसा म्हणून वेलांवर पेंढ्याच्या झडी बांधल्या, खाडीवरून सुक्या मासळीचं खत आणून मुळांशी घातलं. तिसऱ्या वर्षी घड धरले. द्राक्ष लहान, काळसर आणि सालीला जाड होतं, पण गोड होतं. साखर मोजायची काचेची नळी रसात सोडली की ती थेट साहेबांनी सांगितलेल्या रेघेवर तरंगायची.

आणि इथपर्यंत सगळं ठीक असून पुढे काहीच होत नसे. साहेबांनी वर्गात शिकवलं होतं की द्राक्षाच्या सालीवर जी पांढरी भुकटी असते तिच्यातच दारूचं विरजण असतं. डोळ्याला दिसत नाही, पण असतं. द्राक्ष चिरडलं की ते रसात उतरतं आणि रस आपोआप उकळी आल्यासारखा फसफसू लागतो. आमचा रस चार दिवस गप्प बसे. मग त्याच्यावर हिरवी बुरशी धरे आणि धाकू तो नाकाला धोतराचा सोगा लावून नदीकडे ओतून येई. मला त्या नदीची लाज वाटायची.

द्राक्षं पायानं तुडवायची असतात. यंत्रानं बी फुटतं आणि रस कडू होतो, म्हणून विलायतेत अजूनही बायाबापड्या तुडवतात, असं साहेबांचं पत्र होतं. ते मी वाचून दाखवलं तेव्हा मळ्यावरच्या बाया उठून चालू लागल्या. देवापुढे ठेवायच्या फळावर पाय? त्यांना धाकूच्या बायकोनं, गोदानं, परत आणलं. गोदा चाळिशीपुढची, उंच, कमी बोलणारी बाई. माहेर कोपरचं. ती म्हणाली, “भाऊसायेब, तुडवू आमी. पन आमच्या रीतीनं. आन् तुमी तथं उभं ऱ्हायाचं नाय.”

ही दुसरी अट मला न सांगताही पटली असती. सागवानी डोणीत उभ्या राहून चार बाया लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून नाचणार, आणि मी समोर वही घेऊन उभा? शोभलं असतं! मी पडवीत पाट टाकून डोणीकडे पाठ करून बसलो. दरवर्षी बसलो. मागे चुलवण पेटलेलं असे, धूर नाकात येई, हंड्यातलं पाणी ओतल्याचा आवाज येई. पाय कढत पाण्यानं धुऊनच डोणीत उतरायचं असा माझाच हुकूम होता. त्यामुळे मी समाधानानं वहीत लिहीत असे, ‘पाय धुण्याची व्यवस्था उत्तम.’

पहिल्याच हंगामात, तोडणीच्या आधीच, माझं कुटुंब माहेरी निघून गेलं. कमळाबाईचा स्वभाव भांडखोर नाही. पण तिचे वडील ठाण्याला राहतात, चार लोकांत ऊठबस असलेले गृहस्थ. जावई दारू गाळतो हे त्यांच्या कानावर गेलं. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं की ही दारू नव्हे, हे द्राक्षासव, आयुर्वेदात याला आधार आहे. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. ‘आसव वैद्य बाटलीत करतो. पिंपात करतो तो गुत्तेवाला. मळा सुटेल त्या दिवशी मुलीला न्यायला यावे.’ म्हातारा लिहितो झकास.

त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मी गणपतीला गेलो. देवळात गर्दी नव्हती. मी गाभाऱ्यासमोर बसलो आणि माझा बांध फुटला. मोठ्यानं म्हणालो, “देवा, माझ्या हातून दारू होऊ देऊ नकोस. एवढं एक कर.” चांगला रडलो. बाहेर पायरीवर गोदा दूर्वा विकायला बसली होती, तिच्याकडून आत जाताना दूर्वा घेतल्याचं आठवतं. आठ दिवसांत साहेबांचं उत्तेजनपर पत्र आलं, मला पुन्हा हुरूप चढला आणि देवाला मी काय सांगितलं ते मी साफ विसरलो.

यंदा फॉर्माबरोबर साहेबांचं पत्रही होतं. कॉलेजातल्या मंडळींचा धीर सुटला होता. तीन हंगाम ठरले होते, तीन झाले. साहेब पंधरा दिवसांनी स्वतः येणार होते. रस फसफसला असेल तर मळा राहील. नसेल तर वेल उपटून जागा मोकळी करावी आणि ‘ठाणे जिल्ह्यातील द्राक्षात विरजणाचा अंश नाही’ असा निष्कर्ष माझ्या नावासकट छापून मोकळं व्हावं. मी हे धाकूला सांगितलं.  तो वेलांच्या रांगेतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, प्रत्येक खुंटाला हात लावत. मला ते बघवेना म्हणून मी आत येऊन फॉर्म भरायला घेतला.

डोणीतला यंदाचा रस बारा दिवसांचा झाला होता आणि त्याच्यावर बुरशीची साय धरली होती. मी एकेक रकाना भरत गेलो. नववा प्रश्न असा होता: तोडणीनंतर द्राक्षांस कोणत्याही प्रकारे उष्णतेचा स्पर्श झाला काय? याच्यापुढे मी दोन वर्षं ‘नाही’ लिहिलं होतं. तिसरं ‘नाही’ लिहायला टाक उचलला आणि का कोण जाणे, कंटाळा आला. नुसता कंटाळा. गोदा पडवी झाडत होती. वेळ घालवायला माणूस काहीतरी विचारतं तसं मी विचारलं.

“गोदाबाई, द्राक्षाला ऊन लागलं नव्हतं ना गं तोडल्यावर? किंवा आच वगैरे?”

“ऊन नाय लागलं.” तिनं केरसुणी थांबवली नाही. “कढत पानी तेवढं घालतो.”

“ते पायांवर.”

“पायांवर गार घालतो. कढत पायांवर कसं घालनार, भाऊसायेब? भाजतील ना.” आता तिनं केरसुणी थांबवली. “द्राक्षांवर घालतो. डोनीत द्राक्षं वतली का वरून दोन हंडे. चांगलं उकळलेलं. मंग ते पानी काढून टाकतो, निवू देतो, आन् मंग तुडवतो.”

मी टाक खाली ठेवला. शाईचा एक मोठा डाग नवव्या प्रश्नावर पडला.

“कधीपासून?”

“पयल्या सालापासून.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कोन सांगनार? आमच्या कोपरला ताडीवाले मडकी कढत पान्यानं धुतात, आत चुना लावतात. तशी धुतली का ताडी चढत नाय, गोड ऱ्हाते. हे पोराटोरांना पन ठावं हाय.”

तेव्हा मी ओरडलो. मी इतका ओरडलो की धाकू हातातली छाटणीची कात्री तशीच घेऊन धावत आला. मी तिला अडाणी म्हणालो, घरबुडवी म्हणालो, आणखी जे म्हणालो ते लिहीत नाही. वही उचलून भिंतीवर फेकली. गोदा शांत उभी होती. तिचा चेहरा असा होता की जणू मला ताप चढलाय आणि तो उतरायची ती वाट बघतेय.

“मुद्दाम केलंस?” मी विचारलं. “तुला माहीत होतं की यानं रस चढणार नाही?”

“व्हय.”

“का?”

“तुमीच सांगितलं.” तिला माझंच नवल वाटलेलं दिसलं. “चतुर्थीला. गनपतीफुडं. दारू व्हऊ दिऊ नको बोललात. ढसाढसा रडत व्हता. मी पायरीवर व्हती. म्हटलं, बामनाचं पोर, बायको सोडून गेली, देवाला ईनवतंय. देव काय डोनीपर्यंत येनार हाय? आपल्याच्यानं व्हतंय तर आपुन करावं.”

“मग मला सांगायचंस तरी!”

“तुमी इचारलं नाय. आन् तुमी तर पाठ करून बसायचे. मला वाटलं, ठावं हाय तुमाला. ठावं हाय म्हनून बघत नाय.”

 धाकू एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. त्यालाही हे नवीन होतं. बिचाऱ्यानं चर खणले, मासळी वाहिली, वेल पोरांसारखे वाढवले, आणि त्याच्या घरातूनच दरसाल दोन हंडे आधण त्यांच्यावर पडत होतं. तो हळूच म्हणाला, “गोदे, अगं, वेल उपटनार हाईत आता.” तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा पडला. वेलांचं असं काही होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

नदीकडच्या दोन रांगा उशिरा पिकत. त्यांचे सात टोपल्या घड अजून वेलावर होते. मी म्हणालो, उद्या सकाळी ते तोडायचे आणि पाण्याचा थेंबही न लावता तुडवायचे. रस चढला तर साहेब येईपर्यंत दारू तयार होईल आणि मळा राहील.

“मंग वैनी येनार नायत,” गोदा म्हणाली. “मळा सुटल्याबिगर त्या येनार नायत ना?”

“नाही.”

“तरी करायचं?”

मी हो म्हणालो. मला बायको नको होती असं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना तिची आठवण येई. पण मी पाच वर्षं या मळ्यात घातली होती, आणि ‘ठाणे जिल्ह्यातील द्राक्षात विरजण नाही’ हे धडधडीत खोटं माझ्या नावानं छापलं जाणार होतं. एकदा, फक्त एकदा, तो रस चढताना मला बघायचा होता.

“माझ्या पायानं नाय व्हनार,” गोदा म्हणाली आणि केरसुणी भिंतीला टेकवून घरी गेली. तिच्यामागून बाकीच्या बायाही दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

म्हणून मी तुडवली. धोतर वर खोचलं, पाय गार पाण्यानं धुतले, फळाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि डोणीत उतरलो. धाकू समोरून उतरला. द्राक्षं पायाखाली पटपट फुटत होती. बोटांच्या बेचक्यांत साली अडकत होत्या. अर्ध्या तासात माझ्या पोटऱ्या भरून आल्या आणि कंबर मोडली. ज्या कामाकडे मी तीन वर्षं पाठ केली होती ते इतकं जड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. चार बाया हे काम दिवसभर करीत, आणि मी वहीत त्याला एक ओळ देत असे.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोणीजवळ गेलो तर भात शिजत असल्यासारखा बारीक रटरट आवाज येत होता. साली वर उचलून आल्या होत्या. त्यांच्या फटींतून गुलाबी फेस फुटत होता. मी हात बुडवला, रस कोमट होता. चूल नाही, आच नाही, आणि रस आपल्या आपण कोमट! मी धाकूला हाका मारल्या. आम्ही दोघं डोणीच्या काठाशी उकिडवे बसून किती तरी वेळ तो आवाज ऐकत होतो. धाकूच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही.

साहेब ठरल्या दिवशी आले. गोदा त्या दिवशी कामावर आली, कारण साहेबाला पाणी कोण देणार? ती पितळी तांब्या घेऊन खांबाजवळ उभी राहिली. साहेबांनी पिंपातून काचेच्या पेल्यात थोडी दारू काढली, उजेडाकडे धरली, हुंगली, तोंडात घोळवून थुंकली, पुन्हा घेतली आणि या खेपेला गिळली. गढूळ आहे, कोवळी आहे, पण दारू आहे, असं ते म्हणाले. ते इंग्रजीत बोलत, मी आपल्या भाषेत देतो. मळा राहणार होता. धाकूला मी खूण केली. तो वेलांकडे पळाला.

“मग आधीचे तीन प्रयोग का फसले?” साहेबांनी विचारलं.

याचं उत्तर मी रात्रंदिवस घोकलं होतं. द्राक्षं तुडवण्याआधी त्यांच्यावर उकळतं पाणी पडत होतं असं मी सांगितलं. स्वच्छतेसाठी, असं म्हणालो. गोदाचं कारण सांगितलं नाही. ते तिचं होतं आणि थोडं माझं होतं.

“आणि तुम्ही कुठे होतात?”

“इथेच, साहेब. पडवीत.”

“म्हणजे किती लांब?”

“आठ पावलं.”

साहेबांनी डोणीकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं. “मग तुम्हाला दिसलं कसं नाही?”

“मी पाठ करून बसत होतो.” मग मी बायांच्या लुगड्यांबद्दल, रीतीबद्दल, मर्यादेबद्दल सांगू लागलो. इंग्रजीत ते सगळं इतकं हास्यास्पद ऐकू येऊ लागलं की मी मध्येच थांबलो. साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून वही काढली आणि थकलेल्या आवाजात म्हणाले की पुढच्या महिन्यात मळ्यावर दुसरा माणूस येईल. माझं अक्षर फार चांगलं आहे. पुण्याच्या हपिसात इतरांच्या निरीक्षणांच्या नकला करायला असं अक्षर हवंच असतं.

मी ‘ठीक’ म्हणालो. 

मळा माझ्यापुरता सुटला होता. गोदाला इंग्रजी येत नसलं तरी माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं. तिनं धीर करून हलक्या आवाजात विचारलं, “जायाचं का ठान्याला, वैनीला आनायला?” मी मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मला तिचा रागच येईना.

“तुम्ही स्वतः चाखलीत का?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब. आम्ही घेत नाही.”

“तीन वर्षं पाहिलं नाहीत,” ते म्हणाले, “आणि झाल्यावर चाखतही नाहीत.” त्यांनी पेल्यात नवी दारू काढली आणि पेला माझ्यापुढे धरला.

मला राग आला. साहेबांचा नव्हे, आठ पावलांवर पाट टाकून बसलेल्या त्या माणसाचा. त्याला एकदा तरी वळायला लावावं असं वाटलं. मी पेला घेतला आणि एका दमात प्यालो. आंबट होती, तुरट होती, जांभळासारखी जिभेला धरणारी. घशातून खाली ऊब उतरली. चांगली होती की वाईट, ते मला कळलं नाही. ताडून पाहायला दुसरी कुठलीच चव माझ्यापाशी नव्हती. साहेब पेन्सिल घेऊन थांबले होते. मी म्हणालो, “मला सांगता येत नाही, साहेब.” त्यांनी तेही लिहून घेतलं.

खांबाजवळ तांब्या खाली पडला. पाणी पडवीभर झालं. गोदा ते पुसायला वाकली नाही. तिनं साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत ती म्हणाली,

“तीन वरसं मी उगाच पानी तापवलं.”